दोन नऊ नऊ

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जायची. "पोळ्या झाल्यात," असं आई एकदा ओट्याजवळून म्हणायची, आणि मग हात पुसत बाबांच्या समोर येऊन उभी राहायची, "पोळ्या झाल्यात, चला." दूधवाला येऊन गेला, मामाचं पत्र आलंय, आज नळाला पाणी नाही, सगळं दोनदा. मला त्याचा भयंकर राग यायचा. स्वभाव मुळातच तापट, त्यात शाळेत गणित शिकवणारी. एकदा सांगितलेलं पुरलं पाहिजे, असा माझा वर्गातही हट्ट आणि घरातही. "आई, तुझी रेकॉर्ड अडकते बघ," मी म्हणायचे. आई हसायची. ती हसली की बाबाही हसायचे. बाबा नक्की कशाला हसतात हे समजायला मला पुढे पंधरा वर्षं लागली.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. टर्बाइन हॉलमध्ये माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. कानात घालायला बोळे मिळायचे, पण बाबांचे बोळे कायम शर्टाच्या खिशात. कान बंद केल्यावर बेअरिंग काय म्हणतंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकदा शाळेच्या सहलीत मी त्यांना तसं उभं असलेलं बघितलं. एवढ्या गोंगाटात त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझे बाबा झोपलेत का?" मी म्हटलं, "ऐकतायत," आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

माझ्या रेडिओच्या वेडाचं मूळ बहुधा तिथेच असावं. नव्वदच्या सुमारास, कॉलेज संपता संपता, मी हौशी रेडिओच्या नादाला लागले. म्हणजे सरकारचा परवाना काढायचा, स्वतःचा सेट, स्वतःची एरियल लावायची, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्या माणसाशी बोलायचं. परवान्यासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागायची. बाबांनी हॅकसॉच्या तुटक्या पात्याची 'की', म्हणजे मोर्स वाजवायची दाबपट्टी, बनवून दिली. शिफ्टवरून आले की चहा घेता घेता ते इंग्रजी पेपरातली एखादी बातमी डिट-डा करत वाजवायचे आणि मी ती वहीत उतरवायचे. दोन-तीन महिन्यांत माझ्याबरोबर त्यांनाही सगळी अक्षरं पाठ झाली. पोलीस चौकशीला आलेले हवालदार माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "वायरलेस कशाला पाहिजे? फोन करायचा ना." आई म्हणाली, "फोनसाठी नंबर लावून सहा वर्षं झाली. तोपर्यंत हे."

पण क्वार्टरमध्ये राहून रेडिओ ऐकणं म्हणजे गिरणीत बसून कुजबूज ऐकण्यातला प्रकार. चहूकडे विजेच्या तारा, आणि हेडफोनमध्ये सतत चरचर. त्यातून मला ओढ लागली होती ती नेमकी खालच्या पट्ट्यांची. ऐंशी मीटर, एकशे साठ मीटर अशा लांब लाटांच्या ह्या पट्ट्या. दिवसभर त्या मेल्यासारख्या पडून असतात. सूर्य कलला की जाग्या होतात, आणि तेव्हाही लांबचा आवाज येतो तो इतका क्षीण, की आपल्याच श्वासाची अडचण वाटावी.

बाबा निवृत्त झाले तेव्हा सामनगावच्या रस्त्याला त्यांनी एक लहानसं घर बांधलं. शेजारी द्राक्षाची बाग आणि बांधावर निलगिरीची दोन उंच झाडं. आईने विहिरीचं पाणी बघून जागा पसंत केली, मी झाडं बघून. बाबा म्हणाले, "कुणी माझ्या पसंतीचं पण विचारा," पण ते आधीच निलगिरीची उंची डोळ्यांनी मापत होते.

एरियलला चाळीस मीटर तार लागणार होती. पन्नास फूट सरळ वर निलगिरीच्या शेंड्यापर्यंत, आणि उरलेली तिथून आडवी दुसऱ्या झाडाकडे. खाली जमिनीत, वीतभर खोल, झाडाच्या मुळ्यांसारख्या चारी बाजूंना पसरलेल्या तांब्याच्या तारा. त्यांचा प्रत्येक सांधा बाबांनी उन्हात उकिडवं बसून स्वतः डाग दिला. ही एरियल जगाला ओरडून सांगायला उत्तम होती, पण ऐकायला अगदीच बेकार. सगळ्या दिशांचा कचरा गोळा करायची. म्हणून ऐकण्यासाठी वेगळी तार. बागेच्या कडेने, बांबूच्या काठ्यांवर, डोक्याच्या थोडी वर, थेट दोनशे मीटर, वायव्येकडे तोंड करून गेलेली. ती बोलत नाही, फक्त ऐकते. बाग ज्यांची होती ते शेजारचे आबा, मिश्यांना तेल लावणारे एक खट्याळ म्हातारे, रोज तिच्याखालून जाताना मान वाकवायचे. "ताई, लय लांब गेली तुमची तार. करंट तर नाय ना हिच्यात?"

"नाही हो आबा. ही नुसती ऐकते."

"मंग बरंय. आमच्या घरात नुसतं ऐकणारं कोणीच नाय."

छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची कुटुंबं यायची. एका बाईने माझ्या बांबूच्या आधाराने तान्ह्याची झोळी बांधली होती. मी ती तशीच राहू दिली. त्या आठवड्यात संध्याकाळी हेडफोन लावला की मला उगीच वाटायचं, तारेला जराशी पेंग येतेय.

आमची वेळ दिवेलागणीची. हिवाळ्यात इथे सूर्य बुडतो तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उजाडत असतं. पृथ्वीवर उजेड आणि अंधार यांची जी करडी कड फिरत असते, तिच्यावर त्या वेळी आम्ही दोघेही असतो, इकडून मी आणि तिकडून कुणीतरी. त्या कडेने लाट हलक्या पावलांनी चालत येते. पंधरा मिनिटं, कधी वीस. बागेवर धुकं उतरायला लागलेलं, फवारणीच्या गंधकाचा वास, कुठेतरी गाय हंबरतेय, आणि कानात शांत, ओलसर सळसळ. मग त्या सळसळीच्या तळाशी एक बारीकसा सूर. आहे की नाही? आहे. परत गेला. त्या मिनिटांत मी कोण, कुठली, उद्या नववी ब ला काय शिकवायचंय, काही म्हणजे काही उरायचं नाही. तिकडचा एक म्हातारा माझा ओळखीचा झाला होता. तो सफरचंदाच्या बागेत राहतो आणि त्याचा कुत्रा घोरतो, एवढीच माहिती मला त्याच्याविषयी होती, आणि तीही चार हिवाळ्यांत मिळून. एकशे साठ मीटरवर गप्पा होत नाहीत. "मी आहे, तू आहेस" एवढंच होतं.

आणि रिपोर्ट. आपण एकमेकांना कसे ऐकू येतोय ते तीन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा पाचपैकी, शब्द किती कळतात त्याचा. दुसरा नऊपैकी, आवाज किती जोरात येतो त्याचा. तिसरा, सूर किती स्वच्छ आहे त्याचा. पाच नऊ नऊ म्हणजे शंभर टक्के. आता गंमत अशी की सगळे सगळ्यांना पाच नऊ नऊच देतात. जेमतेम दोन अक्षरं हाती लागली, तीही तीनदा विचारून, तरी रिपोर्ट पाच नऊ नऊ. बाबांना हे मी सांगितलं तेव्हा ते माझ्यासमोर बसून सांधा घासत होते.

"म्हणजे खोटं सांगायचं?" ते म्हणाले.

"खोटं नाही बाबा, शिष्टाचार. त्याला वाईट कशाला वाटू द्यायचं? आणि परत परत विचारण्यात वेळ जातो."

बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई आतून बाहेर आली, "काय झालं, काय झालं?" म्हणत. ते म्हणाले, "काही नाही, ह्यांच्यातही आपल्यासारखीच पद्धत आहे." आईने त्यांच्याकडे बघितलं आणि ती मात्र हसली नाही. मी हे सगळं बघितलं आणि त्यातलं मला ढिम्म काही कळलं नाही.

पुढे दोन हजार सालानंतर आई गेली. आठ दिवसांच्या तापात गेली, काही बोलायला, विचारायला वेळच मिळाला नाही.

त्यानंतर बाबा गप्प झाले. माणूस जोडीदार गेल्यावर गप्प होतोच, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. काहीही विचारलं तरी ते मान हलवायचे. "हो, हो." भाजी तिखट झालीय का? हो, हो. गोळी घेतलीत? हो, हो. गोळी डबीत तशीच. सिलिंडरवाला दार वाजवून परत गेला तेव्हा बाबा चार हातांवर पेपर वाचत होते. क्रिकेटची मॅच ते आवाज बंद करून बघायचे; मला वाटलं, बडबड नको वाटत असेल. दिवसभर मी शाळेत, ते एकटे. मला वाटायला लागलं की हे घर त्यांना आतून खातंय.

मग मी फार मोठा आणि फार उदात्त निर्णय घेतला. माझी शाळा शहरात, द्वारका चौकाजवळ. तिथेच एक फ्लॅट बघितला, दुसऱ्या मजल्यावर, आजूबाजूला माणसांची वर्दळ. इथलं घर विकून टाकायचं. फ्लॅटमध्ये चाळीस मीटरची तार लावायला जागा नव्हती, म्हणजे माझ्या संध्याकाळीही संपल्या. मी दोन रात्री रडले आणि स्वतःला शाबासकीही दिली. बाबांना विचारलं, एकदा नाही, तीनदा. त्यांना चहा देताना, कपडे वाळत घालताना, भांडी लावताना. "बाबा, हे घर विकून द्वारकेला जाऊ या का?" तिन्ही वेळा मान हलली. "हो, हो. तुला योग्य वाटेल ते कर."

मला थोडा रागही आला. एवढं सहज? आईने निवडलेली विहीर, त्यांनी डाग दिलेले सांधे? पण म्हटलं, त्यांची हीच इच्छा असेल तर माझा हट्ट कशाला. घर बघायला एक कुटुंब आलं तेव्हा तर बाबांनी त्यांना हौसेने निलगिरीपर्यंत नेऊन तार दाखवली. आबांना मी सांगून ठेवलं, रविवारी दोन माणसं घेऊन या, तार उतरवायची आहे. आबा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "साहेब हो म्हणले?" त्यांनी विचारलं. "हो म्हणाले," मी सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी शेवटचं ऐकायला बसले. लोडशेडिंगचे दिवस होते ते. सव्वासहाला लाइट गेली. लाइट गेली की सगळी वस्ती कपाळाला हात लावायची, आणि बाबा तर असा चेहरा करायचे की जणू त्यांच्याच हातून काही चुकलंय. आबा कुंपणावरून विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवून चिडवायचे, आणि बाबा गंभीरपणे सांगायचे की तयार करणं आमचं काम होतं, वाटणं नव्हतं. मी एकटी मनातल्या मनात टाळ्या पिटायचे. कारण लाइट गेली की पंप, टीव्ही, ट्यूबलाइट सगळं गप्प होई आणि पट्टी धुतल्यासारखी स्वच्छ व्हायची. माझा सेट ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. आयुष्यभर वीज बनवणाऱ्या माणसाची मुलगी, आणि रोज लाइट जाण्याची वाट बघते. आई असती तर म्हणाली असती, दिव्याखाली अंधार.

मॅच बंद पडली म्हणून बाबा माझ्या खोलीत येऊन बसले. शेवटचा दिवस, म्हणून मी हेडफोन काढला आणि आवाज खोलीत मोकळा सोडला. सेटच्या डायलचा मिणमिणता उजेड सोडला तर सगळा अंधार, त्यात ती सळसळ पसरली. मग सूर आला. सफरचंदवाला म्हातारा, नेहमीसारखाच, धीमा, आवंढा गिळत बोलल्यासारखा. मी बाबांकडे बघितलं. ते पुढे वाकले होते. एक हात कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. आई गेल्यापासून मी त्यांचा तो चेहरा बघितला नव्हता.

"ह्याच्या खाली अजून एक आहे," ते म्हणाले.

मी कान दिला. मला काही ऐकू येईना. बाबा एकेक अक्षर बोटाने मांडीवर टिपत होते, आणि चौथ्या अक्षरापाशी मलाही लागला, म्हाताऱ्याच्या सुराखाली दडलेला दुसरा, अगदी मरतुकडा सूर. बाबांनी तो माझ्या आधी ऐकला होता. माझे कान त्या पट्टीवर दहा वर्षं तयार झालेले! मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं, की मी म्हणून गेले, "बाबा, खरंच विकायचंय का हो हे घर?"

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. "हो, हो. बसू थोड्या वेळाने. अजून भूक नाहीये."

मी जेवणाचं विचारलंच नव्हतं. दहा वर्षं मी सगळ्या जगाला पाच नऊ नऊ देत आले होते. कुणाचा रिपोर्ट खरा मानायचा नसतो हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. आणि घरात मिळालेला रिपोर्ट मी खरा धरून घर विकायला निघाले होते.

मी ट्रान्समीटर बंद केला. की वाजवली की नुसता सूर ऐकू येईल, बाहेर काही जाणार नाही, असं केलं. सूर खाली आणला, अगदी खर्जात. आणि हॅकसॉच्या पात्यावर, त्यांनी मला शिकवलं होतं त्याच वेगाने, इंग्रजी अक्षरांत मराठी वाजवलं. घर विकायचे का.

बाबांनी डोळे उघडले. "कुठलं घर?"

मी वाजवलं, आपले.

"आपलं घर?" ते म्हणाले. "कोण विकतंय?"

मी वाजवलं, तुम्ही हो म्हणालात. तीनदा.

सेटमधून आता नुसती सळसळ येत होती. तिकडे म्हातारा उजेडात बुडून गेला होता. मग बाबांनी माझा हात बाजूला केला, पात्यावर बोट ठेवलं, आणि तीन आकडे वाजवले. सावकाश. दोन. नऊ. नऊ.

पुढचं सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं, तोंडाने. "आवाज पूर्ण येतो तुझा. नऊ. शब्द येत नाहीत. नुसता सूर येतो, तू रागात आहेस की बरी आहेस एवढं कळतं."

मी रडत होते. त्यांच्या समोर येऊन, डायलच्या उजेडात ओठ दिसतील अशी बसून, मी विचारलं, "सांगितलं का नाही कधी?"

"तूच म्हणाली होतीस ना," ते म्हणाले, "शिष्टाचार. समोरच्याला वाईट कशाला वाटू द्यायचं." आणि थोड्या वेळाने, "तुझी आई असताना लागलंच नाही सांगायला."

मग वस्तीत एकदम आरोळी उठली, लाइट आली. सेटमध्ये चरचर भरली. मी तो बंद केला. बाबांनी वर दिव्याकडे बघून समाधानाने मान डोलावली. ह्या एका गोष्टीत ते माझं कधीच ऐकणार नव्हते.

रविवारी आबा दोन माणसं आणि एक शिडी घेऊन आले. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "मंग ऱ्हाती का तार?" आबांनी विचारलं. राहते म्हटल्यावर ते बाबांकडे वळून जोरात काहीतरी म्हणाले. बाबांची मान हलायला लागली, तशी अर्ध्यातच थांबली. आबांची मिशी इतकी दाट की ओठ वाचण्याची सोयच नव्हती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम काहीच केलं नाही.

"परत सांगा," बाबा आबांना म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

आबा गडबडले. मग शिडी भिंतीला टेकवून, अगदी जवळ येऊन, त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की यंदा घड चांगले धरलेत, साहेबांनी सकाळी बागेत यावं. बाबा म्हणाले, "येतो." आणि संध्याकाळी मी ओट्याजवळून म्हटलं, पोळ्या झाल्यात. हात पुसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.